कंट्री रोड्स फेक आहे म्हणणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय, लिहून टाकतो म्हणजे जरा मोकळा होईन.

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आज एकाने रील टाकलं. जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाच्या 'टेक मी होम, कंट्री रोड्स' (गावाकडच्या रस्त्यांनो, मला घरी न्या) या गाण्याचा म्हणे पर्दाफाश. गाण्यात ज्या राज्याला घर म्हटलंय त्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाला लिहिणारे कधी गेलेच नव्हते, गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनान्डोआ नदी जवळपास सगळी शेजारच्या व्हर्जिनियात, म्हणजे जगाला पन्नास वर्षं उल्लू बनवलं वगैरे. आणि त्याखाली आपल्याच पोरांचे खो खो हसणारे इमोजी. एकाने लिहिलं, आयला म्हणजे आपण गच्चीवर उगाच रडायचो.

उगाच? अरे इंदापूर त्याच ग्रुपमध्ये आहे. त्याने ते बघितलंय. दोन निळ्या टिका आल्यात आणि तो काही बोललेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९९३ साली सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर माझा रूममेट इंदापूर तालुक्यातला होता, म्हणून तो इंदापूर. आमच्यात सगळ्यांना गावाच्या नावानेच हाक मारायचे, मी सातारा होतो. त्याच्या गावाचं नाव कोणी विचारलं तर तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, "इंदापूरच म्हण." वर्षभर मला वाटायचं की गाव छोटं आहे म्हणून लाजतो.

लाईट गेली की सगळे गच्चीवर. एक सिनियर गिटार वाजवायचा आणि तीनच कॉर्डवर सगळी गाणी काढायचा, त्यात हे एक. इंदापूर मराठी मीडियमचा, पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीची धास्ती घेतलेला, पण या गाण्याचे शब्द त्याने जर्नलच्या मागच्या पानावर देवनागरीत उतरवून घेतले होते. उच्चार त्याचे त्याच्या मातीतले होते, आवाज मात्र असा लागायचा की बाकीचे आपोआप गप्प व्हायचे. एकदा सगळे खाली गेल्यावर त्याने मला विचारलं, "ते लिहिणाऱ्याचं गाव खरंच तिथं आहे का रं?" मी म्हटलं असेल की, मला काय माहीत. तर म्हणाला, "माझं गाव मी बघितलंच नाय. उजनीत गेलं. मी कडेवर होतो तवा. आज्जीकडनं ऐकलंय सगळं, कुठं चिंच, कुठं घाट, कुठनं बैलगाडी उतरायची."

बत्तीस-तेहतीस वर्षं झाली. ते वाक्य अजून कानात आहे.

आता तुमच्या त्या 'फेक' गाण्याकडे येतो. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट, वॉशिंग्टनला क्लबात गाणारी जोडी, फार काही नाव नव्हतं. मेरीलँडमध्ये क्लॉपर रोड नावाचा एक साधा वळणावळणाचा रस्ता, त्यावरून गाडीने नातेवाइकांकडे चालले होते आणि तिथे हे सुचायला लागलं. डॅनॉफ मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, तेच नाव घालावं असंही मनात आलं होतं, मग वेस्ट व्हर्जिनिया बसलं. रीलवाला म्हणतो बघा, फक्त चालीत बसतं म्हणून! अरे पण पुढचं सांग ना. हा माणूस लहान असताना वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावचं रेडिओ स्टेशन शेकडो मैल लांब बसून ऐकायचा. घरात बसलेलं पोरगं, रेडिओत खरखर, आणि त्यातून एक मुलूख येतोय जो त्याने कधी बघितलेला नाही. इंदापूरची आज्जी म्हणजे दुसरं काय होतं?

गाणं अर्धवट होतं आणि ते जॉनी कॅश या मोठ्या गायकाला द्यायचं यांच्या डोक्यात होतं. डिसेंबर १९७० मध्ये जॉन डेन्व्हर वॉशिंग्टनच्या 'सेलर डोअर' क्लबात कार्यक्रमाला आला, ही जोडीही तिथेच गात होती. रात्री कार्यक्रम झाल्यावर त्याच्या गाडीला अपघात, अंगठा मोडला, दवाखान्यात बांधून घेतला आणि हा माणूस घरी जाऊन झोपायच्या ऐवजी या दोघांच्या खोलीवर. त्यांनी अर्धं गाणं ऐकवलं आणि तिघांनी पहाटेपर्यंत जागून ते पुरं केलं. लगेच त्याच क्लबात, ३० डिसेंबरला, तिघांनी ते म्हटलं. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. त्या लोकांनी आधी नकाशा मागितला होता का?

आणि डेन्व्हरचं स्वतःचं काय? वडील एअर फोर्समध्ये, जन्म न्यू मेक्सिकोत, मग बदली तिकडे बदली इकडे, शाळा सारख्या बदललेल्या. आडनावसुद्धा खरं डॉइचेनडॉर्फ, डेन्व्हर हे नंतर घेतलेलं. आपलं गाव कुठलं हे ज्याला धड सांगता येत नाही असा माणूस 'घरी ने' म्हणतोय आणि तुम्ही त्याच्याकडे रहिवासी दाखला मागताय.

बरं, भूगोल गंडलाय, मान्य. ते डोंगर आणि ती नदी त्या राज्याला जेमतेम पूर्वेच्या टोकाला शिवतात. झालं समाधान?

पण ज्यांचं ते राज्य आहे त्यांना विचारा ना. कोळशाच्या खाणींचा मुलूख, खाणीत यंत्रं आली, कामं गेली, लोक ओहायोकडे कारखान्यांत गेले. १९५० ला २० लाख वस्ती होती, १९७० ला साडेसतरा लाखही उरली नाही. अशा रिकाम्या होत चाललेल्या ठिकाणी १९७१ ला हे गाणं रेडिओवरून आलं, अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. तिथल्या युनिव्हर्सिटीत १९७२ पासून फुटबॉलच्या मॅचला वाजतंय, आणि २०१४ साली त्या राज्याने ते अधिकृत राज्यगीत करून टाकलं. ज्यांचं घर त्यांनी चावी हातात दिली आणि इथे आपले लोक पर्दाफाश करतायत.

जमैकन गायक टूट्स हिबर्टने १९७३ ला तेच गाणं जमैकात नेलं आणि शब्द बदलून वेस्ट जमैका केलं. जपानमध्ये ते ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या आवाजात गाजलं, १९९५ च्या एका जपानी कार्टून सिनेमात शाळकरी मुलगी त्याचं भाषांतर करत बसते, तिच्या भोवती सगळं टोकियोचं काँक्रीट. जर्मनीत बिअरच्या तंबूत हजारो लोक टेबलावर उभं राहून ओरडतात. यातल्या किती जणांनी वेस्ट व्हर्जिनिया बघितलंय?

हो, अति वाजवून त्याचा चोथा केलाय हेही खरं, प्रत्येक ट्रेकला एक बेसूर माणूस असतोच. म्हणून गाणं खोटं होत नाही.

आणि आपल्याला तरी हे नवीन आहे का? नाथमहाराज पैठणचे. तरी 'माझे माहेर पंढरी, आहे भिवरेच्या तीरी' म्हणून गेले. सासरच्या उंबऱ्यात बसून ज्या बायका चारशे वर्षं हे म्हणत आल्या त्यातल्या कित्येकींनी पंढरी डोळ्यांनी बघितली नसेल. त्यांना कोणी म्हटलं का की बाई, तुझं माहेर तर दुसरीकडे आहे? इंदापूरची आज्जी हा अभंग म्हणायची, त्यानेच सांगितलंय. भिवरा म्हणजे भीमा. तिच्याच पाण्यात तिचं घर गेलं आणि त्याच नदीकाठच्या माहेराचा अभंग ती पुनर्वसनाच्या गावठाणात पत्र्याच्या घरात बसून म्हणत राहिली. हे लिहिताना हात थांबतोय माझा.

ऑक्टोबर १९९७ ची गोष्ट सांगतो. मी पुण्यात नोकरीला नवीन, घरमालकांच्या फोनवर फोन आला, एसटीडी बूथवरून इंदापूर. "अरं, तो गेला. स्वतःचं विमान घेऊन समुद्रात पडला." ५३ वर्षांचा होता डेन्व्हर. मग दोघं काहीच बोललो नाही. मीटर पळत होता, त्याच्याकडे तेव्हा धड नोकरी नव्हती, तरी त्याने लगेच फोन ठेवला नाही.

आज दुपारी शेवटी मीच त्याला फोन लावला. मला वाटलं दुखावला असेल. तो शांत होता. म्हणाला, "ते गेले नव्हते व्हय तिकडं? बरं झालं कळलं. मला वाटायचं मी एकटाच."

एवढंच. मी रागाने जे चार तास टाईप करायचं ठरवत होतो ते त्याने एका वाक्यात संपवलं, म्हणून वर जरा कडक लिहिलंय ते असू दे, पण मित्रांनो ते इमोजी काढा. काढाच.

फोन ठेवताना म्हणाला, मे मध्ये ये, पाणी खाली गेलं की गावाच्या भिंती उघड्या पडतात, आणि जुना रस्ता पण दिसतो, डांबरी नाही, खडीचा, सरळ पाण्यात उतरत जातो, जिथपर्यंत कोरडा असेल तिथपर्यंत चालत जाऊ. मी रजा टाकलीय. गिटारवाल्या सिनियरलाही विचारलंय, तो नागपूरहून येतो म्हणालाय.