कोर्दोबातली अरबी सक्तीची नव्हती

स्पेनमधल्या मुस्लिम राजवटीत ख्रिश्चनांवर अरबी भाषा तलवारीच्या धाकाने लादली, असा मजकूर फिरतोय. पुरावा उलटा आहे. ८५४ च्या सुमारास या राजवटीची राजधानी असलेल्या कोर्दोबाच्याच पाउलुस आल्वारुस या ख्रिश्चन लेखकाने तक्रार केली की आपली तरुण पोरं अरबी कवितेच्या नादी लागलीत, धड लॅटिन पत्र लिहिणारा हजारात एक मिळत नाही. (वैतागातली अतिशयोक्ती वजा करा, रोख तोच राहतो.) पुढच्या शतकात अरबी जाणणारा ख्रिश्चन रेसेमुंदो खलिफा तिसऱ्या अब्द अर-रहमानचा दूत म्हणून जर्मन राजा ऑटोकडे गेला, या कामगिरीबद्दल त्याला एल्विराचं बिशपपद मिळालं.

‘तिथे सगळे समान होते’ हा दुसरा फॉरवर्डही खोटाच. जिझिया भरावा लागे. शिवाय ८५० ते ८५९ दरम्यान इस्लामची जाहीर निंदा किंवा धर्मत्याग केल्याबद्दल जवळपास ५० ख्रिश्चनांना देहदंड झाला.