कंचा व?

श्रुतलेखनात बाईंनी बोलायचं आणि पोरांनी लिहायचं, ही झाली जुनी रीत. आता 'रनिंग डिक्टेशन' आलंय. यात बाई गप्प बसतात आणि पोरं पळतात. साताऱ्यात सहावीच्या पोरांना आपणहून "पळा" म्हणायला छाती लागते, तेवढी माझी आहे.

४०-५० शब्दांचा इंग्रजी उतारा ठळक अक्षरांत भिंतीवर लावायचा. जोडीतल्या एकानं पळत जाऊन वाचायचं, डोक्यात धरून आणायचं, दुसऱ्यानं लिहायचं. पळणाऱ्याचे हात पाठीमागे, नाहीतर तो पेन्सिलच हिसकावतो. दर दोन वाक्यांनी अदलाबदल. ४० पोरांत एकच कागद लावला, तर स्टँडवर स्वारगेटची गाडी लागल्यासारखी झुंबड उडते. निदान चार प्रती हव्यात. त्यातली एकही दाराजवळ नको. तिथं वाचायला गेलेला गडी थेट नळावर सापडतो.

नवे शब्द पाच-सहाच ठेवावेत. जास्त झाले की पोरं उतारा मराठीतच घेऊन येतात : "कुत्रं भिजलंय म्हनं, लिव की!"

शेवटी कागद जोडीच्या हाती द्यायचा, चुका त्यांच्या त्यांनीच शोधायच्या. सगळ्यांत जास्त सांडतो तो 'द', म्हणजे टी-एच-ई. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण मराठीत हा प्रकारच नसल्यानं पोरं 'द'ला सामानात धरत नाहीत. वाटेतच टाकून येतात.

आणि मग ते भिजलेलं कुत्रं. वाक्य साधं : 'द डॉग इज वेट'.

"वेट!"

"आरं, पन कंचा व?"

"व म्हंजे व! दोन असत्यात व्हय?"

असतात बाबा, इंग्रजीत असतात. व्ही लिहिला की कुत्रं जनावरांचा डॉक्टर होतं. पलीकडच्या हुशार जोडीनं मधे ई-आय-जी-एच कोंबलेलं असतं, तिथं ते वजन होऊन बसतं. नुसतं 'डब्ल्यू म्हण' सांगून भागत नाही, तोंडच दाखवावं लागतं. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, हवा घासत सोडायची. डब्ल्यूला दात कुठंच टेकवायचे नाहीत, ओठांचा चंबू करायचा, शीळ घालताना करतो तसा.

'शीळ' हा शब्द वर्गात कधीही उच्चारू नये. ४० चंबू एकदम वाजतात आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात उभे.

"काय चाललंय हे?"

पहिल्या बाकावरून उत्तर येतं, "डब्ल्यू, सर."