डोमेन आमच्या ब्रँडचं, मग तुमच्या नावावर का?

डोकं फिरलंय माझं, म्हणून आज स्पष्टच लिहिते.

आम्ही दोघी जावा ठाण्यात, चरईत घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकतो. नौपाडा, पाचपाखाडीपासून घोडबंदरपर्यंत ओळखीनं वाढलेलं गिऱ्हाईक. बाहेरगावहून विचारणा व्हायला लागली, तेव्हा वेबसाइट करायचं ठरवलं आणि वागळे इस्टेटमधल्या एका एजन्सीला काम दिलं. निम्मे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. दिले, एका शब्दानं घासाघीस केली नाही.

साइट कशी झाली ते भराभर सांगते, कारण खरा संताप पुढे आहे. ‘शून्यातून कोडिंग केलंय’ म्हणून जे दिलं ती वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची तयार थीम, म्हणजे आयता साचा. वर्डप्रेस चांगलंच आहे, २००३ पासून फुकट मिळतंय, ते वापरल्याचा राग नाही. खोटं का बोललात, याचा राग आहे. आमचा मराठी मजकूर आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून दिला होता. यांच्या डिझायनरनं तो कुठल्याशा जुन्या फॉन्टात नेला आणि साइटवर मेतकुटाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी उमटली. ‘आमच्याविषयी’च्या पानावर लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला टाकलेला निरर्थक मजकूर, तसाच पडून. फोन नंबर चित्रात घातलेला, त्यामुळे बोट लावलं तरी फोन लागत नाही. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. हे दुरुस्त करा म्हटलं तर ‘मॅडम, ही चेंज रिक्वेस्ट झाली, त्याचे वेगळे पडतील.’ तुम्ही केलेल्या घाणीचे पैसे आम्ही का द्यायचे?

तरी तेही गिळलं. मग आलं वर्षअखेरीचं रिन्यूअल. १८,००० रुपये! डॉट इन डोमेनचं, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं, वर्षाचं नूतनीकरण हजार रुपयांच्या आसपास होतं. एवढ्याशा साइटचं साधं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, काही हजारांत भागतं. बिलात एसएसएलचे, म्हणजे साइटची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे लावलेले, आणि ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर ते लेट्स एन्क्रिप्टचं. ही संस्था ते फुकट देते! वर ‘मेंटेनन्स’. कसला मेंटेनन्स? लोरेम इप्सम अजून तिथंच आहे.

मी म्हटलं, ठीक आहे, आमचं डोमेन आमच्या ताब्यात द्या, पुढचं आम्ही बघतो. त्यावर तो मालक शांतपणे म्हणतो, ‘मॅडम, डोमेन आमच्या अकाउंटला आहे. आमची पॉलिसीच आहे तशी. टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे सेफ आहे.’

सेफ? कोणापासून सेफ? हूइजवर, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीत, शोधलं तर नोंदणीदार म्हणून याच्या कंपनीचं नाव! आमच्या ब्रँडचं नाव, आमचे पैसे, आणि कागदोपत्री मालक हा! घोडबंदरला फ्लॅट बुक करावा, सगळे हप्ते फेडावेत आणि अ‍ॅग्रीमेंट बिल्डरनं स्वतःच्याच नावावर करावं, तसला प्रकार आहे हा. फ्लॅटच्या बाबतीत कोणी ऐकून घेईल का? मग इथे ‘पॉलिसी’ म्हणून का खपवून घ्यायचं?

एखाद्याला वाटेल, एवढं काय, दुसरं नाव घ्या. अहो, ते नाव पाकिटांच्या लेबलांवर छापलंय. लेबलांचे गठ्ठे घरात पडलेत. ऑर्डरचा ईमेल त्याच डोमेनवर आहे, म्हणजे डोमेन बंद पडलं की ईमेलही गेला. पेमेंट गेटवेचं खातं मंजूर झालं ते त्याच साइटवरची रिफंड आणि प्रायव्हसीची पानं दाखवून. आणि हे सगळं दिवाळीच्या तोंडावर, भाजणीला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा! त्याला हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच तो आवाजही चढवत नाही.

नियम पाहिले. डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे. डोमेनच्या वादांसाठी आयएनडीआरपी नावाची पद्धत आहे, त्यात लवाद नेमतात. पण त्यासाठी शुल्क भरा, नावावर आपला हक्क सिद्ध करा, समोरच्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय हेही दाखवा. घरून मसाले करणाऱ्या बाईनं हे सगळं कधी करायचं? सकाळी गिरणीत जायचं की लवादाचे कागद लिहायचे? माझी जाऊ तर रडकुंडीला आली. पाकिटांवर कोणतं नाव घालायचं, यासाठी आम्ही दोघींनी किती रात्री डोकं खाजवलं होतं!

ट्रान्सफरला लागतो फक्त एक ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायची किल्ली. ज्याच्या खात्यात डोमेन आहे, त्यानं लॉक काढायचं, कोड घ्यायचा आणि आम्हाला पाठवायचा. त्याच्या एकाही माणसाला यात घाम गाळावा लागत नाही. तरी ‘टेक्निकल टीम बघतेय’, ‘सर साइट व्हिजिटला गेलेत’, ‘आधी रिन्यूअल क्लिअर करा’.

करणार नाही. लेखी मागणी ईमेलनं गेली आहे, स्पीड पोस्टानंही जाणार आहे, आणि बिलं, पेमेंटचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरची सगळी उत्तरं मी तारीखवार लावून ठेवली आहेत. ती थीम ठेवा तुमच्याकडे, तो फुकटचा एसएसएलही ठेवा. आमच्या नावाचा ऑथ कोड द्या.