एंटर दाबल्यानं मजकूर तुटत नाही

सोलापुरातल्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक सूचना फिरतेय. ‘कमांड लाइनवरून (हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतून) डेटाबेसमध्ये एकाच ओळीचा मजकूर भरता येतो. एंटर दाबला की कमांड सुटते. ओळ तोडायचीच असेल तर बॅकस्लॅश एन (\n) लिहा. मराठी भरू नका, प्रश्नचिन्हं उमटतात. सगळ्यात बरं म्हणजे मजकूर आधी एका ओळीत करून घ्या.’ ती पुढे पाठवणाऱ्यांत टॉवेल कारखान्यांत ऑर्डर भरणारी मुलं बरीच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

एंटरनं एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेची, कमांड सुटत नाही, ती सुटते सेमीकोलननं (;). माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकेरी अवतरण उघडून एंटर दाबा आणि प्रॉम्प्ट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण, बघा. तिथे '> असं दिसेल. म्हणजे ‘अवतरण अजून उघडं आहे, लिहा पुढं’. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सुपरयूजरला '# दिसतं, साध्या वापरकर्त्याला '>. या अवस्थेत सेमीकोलनसुद्धा निव्वळ मजकूर असतो. बहुतेक जण अडकतात ते इथेच. परदेशी पत्त्यात एखादी अपॉस्ट्रॉफी येते, ती अवतरण बंद करून टाकते, पुढची खूण नवं उघडते, आणि मग कितीही सेमीकोलन मारा, काही हलत नाही. मजकुरातली अपॉस्ट्रॉफी दोनदा लिहायची, हा साधा उपाय. अडकलातच तर माय-एसक्यूएलमध्ये आधी अवतरण बंद करा, मग बॅकस्लॅश सी (\c) देऊन कमांड रद्द करा.

बॅकस्लॅश एनचा सल्ला अर्धाच खरा आहे. माय-एसक्यूएल त्याची नवी ओळ करतं. पोस्टग्रेस 9.1 पासून साध्या अवतरणात ती दोन अक्षरं जशीच्या तशी ठेवतं. नवी ओळ हवी तर अवतरणाआधी ई (E) लावावा लागतो. एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसच्या साध्या अवतरणातही ती दोन अक्षरंच राहतात.

मराठीचा दोष काळ्या खिडकीवर ढकलू नका. जोडणीचा किंवा कॉलमचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-1 असला, ज्यात देवनागरी नाही, की देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात, आणि एकदा तशी साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. दोन्हीकडे यूटीएफ-8 ठेवा, माय-एसक्यूएलमध्ये यूटीएफ-8-एमबी-4 (utf8mb4). ओळी किती आहेत याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

सगळ्यात नुकसान करणारा सल्ला शेवटचा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा डेटाबेस सांभाळतो. निर्यातीच्या प्रत्येक खोक्यावर शिपिंग मार्क छापतात: पहिल्या ओळीत खरेदीदार, खाली बंदर, खाली ऑर्डर नंबर, शेवटी खोक्याचा नंबर. ही सूचना वाचून एका मुलानं चारही ओळी सपाट केल्या. बंदराचं नाव ऑर्डर नंबरला चिकटलं आणि तशीच खोकी छापून आली. ती पुन्हा छापावी लागली. त्या मुलाला बोल लावावासा वाटला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ओळ तुटणं हेही एक अक्षरच आहे आणि टेक्स्ट कॉलम ते जपून ठेवतो.

मोठा मजकूर हातानं टाइप करायची गरजही नाही. पोस्टग्रेसमध्ये बॅकस्लॅश ई (\e) दिलं की एडिटर उघडतो, तिथे निवांत लिहा. किंवा मजकूर दोन-दोन डॉलर खुणांमध्ये ($$) ठेवा, मग अपॉस्ट्रॉफीची धास्ती राहत नाही. एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमध्ये फाइल वाचणारं रीडफाइल आहे. ते ब्लॉब (कच्चा डेटा) देतं, म्हणून कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, टेक्स्ट करून घ्या. माय-एसक्यूएलचं लोड-फाइल सर्व्हरवरची फाइल वाचतं, तुमच्या टेबलावरच्या संगणकातली नाही, आणि त्याला फाइलची परवानगी लागते. नोटपॅडमधून आणलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी एक जादा सीआर (कॅरेज रिटर्न) हे न दिसणारं अक्षर येतं, तेही बघून घ्या.

आणि भरल्यावर पोस्टग्रेसच्या तक्त्यात ओळींच्या कडेला + दिसलं तर मजकूर बिघडला समजून तो पुसू नका. ‘इथे ओळ तुटते’ हे दाखवायची ती खूण आहे, साठवलेल्या मजकुरात ती नसते.