शुद्ध म्हणजे नेमके कोणाचे?

सोलापुरात ‘काय करलालास बे?’ असे कोणी विचारले की नाक मुरडणारी मंडळी इंग्रजीच्या बाबतीत एवढी हळवी कशी होतात, हे मला आजवर उमगलेले नाही. काल मी ‘मीटिंग प्रीपोन करू’, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेऊ, असे म्हणालो, तर शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी कप बशीत ठेवून, चष्मा कपाळावर चढवून जाहीर केले, ‘असा शब्दच नाही!’ अहो, भारतात रुळलेला हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशाने केव्हाच पदरात घेतला आहे. तुमच्या परवानगीसाठी तो नव्या पेठेत ताटकळत उभा राहायला हवा होता काय? ‘गेट’चे ‘गॉट’ऐवजी ‘गॉटन’ केले की म्हणे अमेरिकी बिघाड. वास्तविक ते जुने रूप इंग्लंडने बहुतांशी टाकले आणि अमेरिकेने जपले. आणि ढगाकडे डोळे लावून बसणाऱ्या या जिल्ह्यात पोरांकडून मुसळधार पावसाचे ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ कशासाठी घोकून घेता? इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा माणूस गावचे बोलला तर तो ‘ॲक्सेंट’, आम्ही बोललो तर अडाणीपणा! परवा दुचाकी घसरताच याच गृहस्थांच्या तोंडून ‘मेलो बे!’ निघाले, तेव्हा ऑक्सफर्ड कुठे होते?