जेवायला तर देतात ना!

आमच्याकडे गावात कोणाच्या म्हाताऱ्या आईबापाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असते, पोरगं चांगलं आहे हो, दोन टाइम जेवायला देते. झालं, विषय संपला. पण ती भाकर कशी देतात, काय बोलून देतात, हे कोणीच विचारत नाही. माझं सगळं भांडण याच एका गोष्टीशी आहे.

मी नागपूरहून अपडाऊन करते, काटोलकडे बँकेच्या एका ब्रँचला. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, पैसे जमा झाले की काउंटरसमोर सगळी म्हातारी मंडळी. एक आजी पोरासोबत येतात. मी विचारते आजी नाव सांगा, उत्तर पोरगा देतो. आजी किती काढायचे, तेही पोरगाच सांगतो. त्यांनी तोंड उघडलंच तर "तू चूप बस ना वो, तुले काय समजते!" सगळ्या लाइनसमोर. मी नोटा मुद्दाम आजीच्याच हातात देते, आणि त्या न मोजता पोराच्या हातात. दीड हजार रुपये, तेही तिच्याच नावाचे. लाइनमधलं कोणी काही बोलत नाही कारण पोरानं हात तर उचलला नाही ना.

हात न उचलता काय काय होते ते गावात राहणाऱ्याला बरोबर माहीत असते. आठ-आठ दिवस अबोला. समोर बसलेल्या माणसाबद्दल तो नसल्यासारखं बोलणं. चष्म्याची काडी तुटली तर महिनोन्महिने दोरा बांधून चालवा. मोबाईलचा रिचार्ज मारत नाही कारण बुढी लेकीजवळ चुगल्या करते म्हणे. पाच वर्षांचा नातू "ए बुढ्या" म्हणतो आणि सगळं घर हसते. आणि विदर्भातली आपली खास धमकी, जास्त बडबड केली तर नागपूरच्या पागलखान्यात टाकून येईन! अहो तिथं उपचार होतात, माणसं बरी होऊन घरी येतात, पण आपण त्याचा बागुलबुवा करून ठेवला. मग खरंच झोप उडालेली, जगण्यात मन न लागणारी आजी आरोग्य केंद्रात गेली तरी फक्त गुडघे दुखते एवढंच सांगते, गोळ्या घेते आणि वापस येते.

डब्ल्यूएचओ सांगते की जगात साठीच्या पुढच्या दर ६ माणसांमागे एकाला वर्षभरात कोणता ना कोणता छळ सोसावा लागतो, आणि त्यात सगळ्यात जास्त हाच, बोलण्यावागण्यातला, मानसिक.

आता कोणी म्हणेल कायदा आहे ना. आहे, २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येते, महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. पण त्यात निर्वाह म्हणजे काय, तर अन्न, कपडा, राहायला जागा, दवाखाना. म्हणजे कायदा पण शेवटी तेच म्हणते, जेवायला देता ना! २०१९ मध्ये सन्मानानं जगण्याची भाषा असलेलं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते तसंच गेलं. कोणाला काही वाटलं पण नाही.

२००७ च्या कायद्यातलं कलम २३ मात्र कामाचं आहे राजेहो. सांभाळ करण्याच्या अटीवर शेत किंवा घर पोराच्या नावावर करून दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. फक्त ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पुढे वाद होते. कारण सातबाऱ्यावर पोराचं नाव चढेपर्यंत तुम्ही बाबा असता, फेरफार झाला की बुढा.

आणि हो, लगेच सुनेला शिव्या घालू नका. ती दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, घरी येऊन सासूचं अंथरुणातलं सगळं तीच करते, तिचा तोल जाते हे मला समजते. मुलगा तेव्हा पानठेल्यावर असतो. पुण्यातला मोठा भाऊ व्हिडिओ कॉलवर आईची काळजी करतो, आणि नाव मात्र सुनेचं खराब.

पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे तर आमच्या गाडीत एक आजोबा रोज असतात. काम काहीच नाही. तालुक्याच्या स्टँडवर बसतात, ओळखीचं कोणी भेटलं तर बोलतात, संध्याकाळच्या गाडीनं वापस. मी एकदा विचारलं तर म्हणे, "इथं लोक हो नाही तरी म्हणते बाई."

ज्येष्ठांसाठी सरकारची हेल्पलाइन आहे, एल्डर लाइन, १४५६७. मन मोकळं करायला टेलिमानस, १४४१६. दोन्ही फुकट. पण ज्या घरात फोन पोराच्या खिशात असते तिथं आजी कशी लावणार? एल्डर लाइनला शेजाऱ्यानं केलेला फोन पण चालते. तो "घरचा मामला" वगैरे जरा बाजूला ठेवा आणि लावा.