बिनमोहनाची बिस्किटे

"मोहन किती घातलंत?" असे सासूबाईंनी विचारले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत चिकट पिठात होते, आणि खरे उत्तर दिले तर पुढचा अर्धा तास सुटका नाही हे मला ठाऊक होते. तरीही मी खरे बोललो. तूप नाही, लोणी नाही, तेलाचा थेंबही नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपल्या मुलीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात लग्नाआधीच नीट चौकशी करायला हवी होती, ही बारा वर्षांची जुनी खंत होती.

इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला नोकरीने इटलीत आणले, ते आणखी एका कापडाच्या गावात. फ्लॉरेन्सच्या शेजारचे हे प्रातो जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि त्याच्याइतकीच प्रसिद्ध आहेत इथली अख्ख्या बदामांची बिस्किटे. बाहेरचे लोक त्यांना कान्तुच्ची म्हणतात, गावात त्यांचे नाव 'बिस्कोत्ती दि प्रातो'. आंतोनिओ मात्तेईने 1858 साली काढलेले दुकान अजून चालू आहे आणि बिस्किटे निळ्या कागदी पुड्यातून मिळतात. तो पुडा मी सासूबाईंच्या स्वागतासाठी आणला होता. त्यांनी युरोंना मनातल्या मनात गुणले, पुडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "एवढे पैसे? घरी होत नाहीत का हो ही?" यावर "त्यात काय आहे एवढं!" असे जे तोंडातून निघून गेले, ते माझेच तोंड होते.

त्यात काय आहे, ते खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांनी सांगितले. मैदा अर्धा किलो, साखर तीनशे ग्रॅम, अंडी चार, न सोललेले बदाम पाव किलो, आणि मीठ 'क्वांतो बास्ता', म्हणजे पुरेल इतके. इटालियन पाककृतींत जिथे वाचणाऱ्याला नेमकी मदत हवी असते तिथे हे दोनच शब्द भेटतात, आणि 'मावेल तेवढे पीठ घालावे' हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला परदेशात एकदम माहेर सापडल्यासारखे होते. अंड्यांवर घरात वाद झाला नाही, कारण सासूबाईंना केकमधले अंडे चालते, ताटातले चालत नाही.

पिठाच्या लांबट वळकट्या करून त्या भाजायच्या, गरम असतानाच तिरप्या कापायच्या आणि ते तुकडे पुन्हा भट्टीत घालायचे. 'बिस्कोत्तो' या शब्दाचा अर्थच मुळी दोनदा भाजलेले असा आहे. वळकट्या भट्टीत जाऊन दहा मिनिटे झाली असतील, तेवढ्यात सासूबाईंनी चहासाठी विजेची किटली लावली आणि घर अंधारात बुडाले. इथल्या बहुतेक घरांना तीन किलोवॉटचीच जोडणी असते. आमची भट्टी दोनाच्या वर घेते, किटली दोन घेते, आणि वॉशिंग मशीन बिचारे कोपऱ्यात आधीपासूनच फिरत होते. मीटर तळमजल्यावर आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. "इथंही भारनियमन आहे वाटतं," असे सासूबाई अंधारात जरा समाधानानेच म्हणाल्या.

मी चार मजले उतरून आणि चढून येईपर्यंत वळकट्या ना कच्च्या ना भाजलेल्या अशा अवस्थेत निवल्या होत्या. त्या कशाबशा पुन्हा भाजल्या. दातेरी सुरी चालवली, तर ती मैद्यातून सुखाने उतरे आणि बदामाला टेकली की थांबे. जोर दिला की बदाम सुटून फरशीवर, आणि हातात खिंडार पडलेला तुकडा. शंकरपाळी कापण्याचा तीस वर्षांचा अनुभव असलेल्या सासूबाई हे सगळे हाताची घडी घालून पाहत होत्या. दुसऱ्या भाजणीनंतर त्यांनी एक तुकडा चावला, म्हणजे चावण्याचा प्रयत्न केला, आणि कवळीवर हात ठेवत म्हणाल्या, "जावईबापू, हे खायचं की दाराला अडसर म्हणून लावायचं?"

दुसऱ्या खेपेचे पीठ मी मळून ठेवले आणि दुकानात जाऊन आलो. तेवढ्या वेळात त्यात चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन गेले होते. हे मला वासावरून कळायला हवे होते, पण कळले ते भट्टीच्या काचेतून, कारण वळकट्या ऐसपैस पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. कापायला गेलो तर सुरी लागण्याआधीच भुगा. चव मात्र उत्तम नानकटाईची होती आणि निम्म्या मी ओट्याशी उभ्याउभ्याच संपवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी सिन्योरा वर आल्या त्या व्हिन सांतोची बाटली घेऊन. द्राक्षे महिनोन्महिने सुकवून, रस लहान पिंपांत वर्षानुवर्षे मुरवून केलेली ही गोड वाइन, आणि तिचे नाव पवित्र. "संतांची दारू?" सासूबाईंनी मला हळूच विचारले आणि आपली खुर्ची चार बोटे मागे घेतली. सिन्योरांनी मोहनाचे बिस्किट पेल्यात बुडवले. बोटांत चिमूटभर उरले, बाकीचे तळाशी गेले. त्यांनी ते चमच्याने शांतपणे काढून खाल्ले, "छान आहे" म्हणाल्या, क्षणभर थांबल्या आणि "पण हे बिस्कोत्तो नाही" असेही म्हणाल्या. मी ते भाषांतर जरा सौम्य केले. मग अडसरांचा डबा पुढे आला. सिन्योरांचे बिस्किट वाइनमध्ये बुडून, भिजून, अखंड वर आले.

सासूबाईंनी हे नीट पाहिले. एक तुकडा उचलून त्यांनी आपल्या कपातल्या चहात धरला, मनात काहीतरी मोजले, तो बाहेर काढून खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा, या वेळी जरा जास्त वेळ धरून.

"बदाम सोलायला हवे होते," चौथा उचलत त्या म्हणाल्या, आणि चहा कमी पडला म्हणून किटली लावायला उठल्या. भट्टीत तिसरी खेप होती. मी चपला शोधू लागलो.